लीज संपायला तीन महिने: गाडी ठेवायची की किल्ल्या परत द्यायच्या?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे हिंजवडीत नोकरीला, घर जुळे सोलापुरात. कंपनीच्या योजनेतून चार वर्षांच्या लीजवर (ठरावीक मुदतीच्या भाड्यानं) घेतलेली पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसीच्या आतली, मूळ किंमत ९,५०,००० रुपये. लीज संपायला तीन महिने आहेत. मीटरवर आज ८२,००० किलोमीटर, करारातली मर्यादा ६०,०००. मर्यादेच्या वर प्रत्येक किलोमीटरला ५ रुपये अधिक जीएसटी. गाडी ठेवायची असेल तर लीज कंपनी ४,२७,५०० अधिक जीएसटी मागते. सोलापुरातला डीलर म्हणतो, ‘ही गाडी मी चार लाख दहाच्या वर घेणार नाही, तुम्ही पाच लाख कशाला घालताय? देऊन टाका परत.’ वडिलांना मात्र गाडी घरात हवी आहे. करायचं काय?

मी विमा सर्व्हेपासून सुरुवात केली आणि गेली बरीच वर्षं सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात लीजवरून परत येणाऱ्या गाड्यांची तपासणी करतो. म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणारा माणूस. गाडी परत देताना तुमच्या बंपरवर टॉर्च मारून जो कागदावर खुणा करतो, तो मीच.

डीलरचा आकडा खरा आहे, सल्ला चुकीचा आहे. तो ‘घेणं’ आणि ‘बाजारभाव’ यांची तुलना करतोय. तुमच्यासमोर तुलना ‘घेणं’ आणि ‘परत देणं’ यांची आहे, आणि परत देणं फुकट नसतं. हे मी दर महिन्याला कुणाला तरी समजावतो, तरी पुढचा माणूस पुन्हा बाजारभावच घेऊन येतो.

आता हिशेब मांडू. दर आठवड्याला सोलापूर-पुणे-सोलापूर म्हणजे साधारण पाचशे किलोमीटर. तीन महिन्यांत बारा फेऱ्या धरल्या तर सहा हजार. लीज संपेल तेव्हा मीटर ८८,००० दाखवेल. मर्यादेच्या वर २८,०००, त्याचे १,४०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,६५,२०० रुपये. तुम्ही जे फोटो पाठवलेत त्यावरून नुकसानीचे मी बावीस हजार धरतो. गाडी परत दिली तर खिशातून १,८७,२०० गेले आणि हातात गाडी नाही.

घेतली तर? ४,२७,५०० वर १८ टक्क्यांनी ७६,९५० जीएसटी, झाले ५,०४,४५०. लीज कंपनीची कागदपत्रांची फी ५,९००, नावावर करण्याचा खर्च एजंटसकट साडेचार हजार. एकूण ५,१४,८५०. विमा मी मुद्दाम धरत नाही, कारण कुठलीही गाडी घेतली तरी तो लागणारच. या पैशात तुमच्या हातात डीलरच्याच भावाने ४,१०,००० ची वस्तू आली. नुकसान १,०४,८५०.

एक लाख पाच हजारांचं नुकसान आणि एक लाख सत्याऐंशी हजारांचं नुकसान यांत पहिलं बरं. फरक ८२,३५० रुपयांचा आहे. गाडी बाजारभावापेक्षा महाग पडूनही घेणं स्वस्त आहे. आणि डीलरचा ४,१०,००० हा घाऊक भाव झाला. तशीच गाडी तुम्ही त्याच्याकडून घ्यायला गेलात तर तो चाळीस-पन्नास हजार वर सांगेल, वर तिचा इतिहास तुम्हाला ठाऊक नसेल. या गाडीचं तुम्हाला सगळं माहीत आहे: कुठल्या सर्व्हिसला काय बदललं, क्लच कधी जड लागायला लागला, एसी कुठल्या मे महिन्यात दमला.

पण हा सगळा हिशेब एका वाक्यावर उभा आहे. ‘गाडी विकत घेतल्यास जादा किलोमीटरचे पैसे लागू होणार नाहीत’, हे करारात लिहिलंय का, ते आज रात्री बघा. बहुतेक करारांत किलोमीटरचा भुर्दंड फक्त परतीला असतो, आणि तेच रास्त आहे. गाडी तुम्हीच घेणार असाल तर ती किती पळाली याच्याशी कंपनीला काय देणंघेणं? पण दोन्ही वसूल करणारे करारही माझ्या हातून गेलेत. तसा असेल तर घेण्याचं नुकसान १,०४,८५० अधिक १,६५,२०० म्हणजे २,७०,०५० होतं आणि मी वर लिहिलेलं सगळं उलटं फिरतं. मग परत द्या. करारात काहीच लिहिलेलं नसेल तर ईमेलनं विचारा. फोनवर ‘नाही लागत हो सर’ म्हणणारा मुलगा तीन महिन्यांनी त्या खुर्चीत असेलच असं नाही.

दुसरं वाक्य शोधा ते विकत घेण्याच्या हक्काचं. काही करारांत गाडी ठरलेल्या किमतीला घेण्याचा पर्याय तुम्हाला, किंवा तुम्ही सुचवाल त्या व्यक्तीला, स्पष्ट दिलेला असतो. काहींत ‘कंपनी विचार करू शकेल’ एवढंच असतं. दुसऱ्या प्रकारात तुम्हाला सांगितलेला आकडा हा देकार असतो, आणि देकार बदलतो. तो दोन्ही बाजूंना बदलतो हे मात्र लोक विसरतात. गाडी परत आली की कंपनीला ती यार्डात उभी करायची, लिलावाला लावायची, ने-आणीचा खर्च करायचा. लिलावात ८८,००० पळालेल्या गाडीला डीलरही चार लाख दहा देत नाही, तो तिथून आणखी खाली उचलतो. त्यामुळे ‘चार लाखाला देत असाल तर या महिन्यात पैसे भरतो’ असा सरळ प्रस्ताव टाकायला काहीच हरकत नाही. जमेलच असं नाही. पण न विचारता कुणी कमी केल्याचं मी पाहिलेलं नाही.

आता जीएसटी. इथं ७६,९५० रुपयांचा प्रश्न आहे, म्हणून जरा थांबून वाचा. जुन्या गाडीच्या विक्रीवर दोन तऱ्हेनं कर लागतो. लीज कंपनीनं गाडी घेताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (म्हणजे सरकारला द्यायच्या करातून ती रक्कम वजा करून घेणं) घेतलं नसेल, तर कर फक्त नफ्यावर (मार्जिनवर), म्हणजे विक्रीची किंमत वजा घसारा काढून उरलेली पुस्तकी किंमत. हा दर १६ जानेवारी २०२५ पासून सगळ्या जुन्या गाड्यांना १८ टक्के आहे, त्याआधी लहान गाड्यांना १२ होता. समजा कंपनीच्या पुस्तकात तुमची गाडी आज ३,५०,००० ची आहे. मग कर ७७,५०० वर, म्हणजे १३,९५० रुपये. पुस्तकी किंमत विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर कर शून्य. पण कंपनीनं क्रेडिट घेतलं असेल तर ही सवलत मिळत नाही, पूर्ण किमतीवर त्या गाडीचा जो दर असेल तो लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीचा दर १८ टक्के आहे, मोठ्या गाडीचा ४०. तुमची लहान आहे म्हणून वाचलात. तुमच्या ऑफिसातल्या ज्यांच्याकडे दीड लिटरची एसयूव्ही आहे, त्यांनी आधी हा आकडा लेखी मागवावा आणि मगच स्वप्नं बघावीत. विचारायचा प्रश्न एकच: ‘विक्रीच्या बिलात जीएसटी पूर्ण किमतीवर लावणार की मार्जिनवर, आणि किती?’

तोपर्यंत एक फुकटचा उपाय. गाडी घ्यायचं पक्कं होत नाही तोवर शनिवार-रविवारी ती हिंजवडीतच उभी ठेवा आणि हुतात्मा एक्स्प्रेसनं या. परत देण्याची वेळ आलीच तर तुमची प्रत्येक पुणे-सोलापूर फेरी पेट्रोल आणि टोल सोडून २,९५० रुपयांची पडतेय. पाचशे किलोमीटर गुणिले ५ रुपये ९० पैसे. बारा फेऱ्या टाळल्या तर ३५,४०० वाचतात. गाडीत बसल्यावर हे कुणाला जाणवत नाही, कारण हे मीटर डॅशबोर्डवर नसतं, करारात असतं. (तरीही १,५१,८०० उरतात, म्हणजे घेणंच स्वस्त. फरक कमी होतो एवढंच.)

परतीची तपासणी कशी होते ते सांगतो, कारण लोक इथं नको तिथं पैसे घालवतात आणि हवं तिथं घालवत नाहीत.

मी गाडी उन्हात कधीच बघत नाही. सावलीत लावायला सांगतो आणि एलईडी टॉर्च पत्र्याला जवळजवळ चिकटवून आडवा मारतो. तसा प्रकाश पडला की पोचे लाटांसारखे दिसतात. ओरखड्यावरून अंगठ्याचं नख फिरवतो. नख सरकून गेलं तर तो वरच्या लॅकरचा ओरखडा, पॉलिशनं जातो, मी तो झिजेत धरतो. नख अडकलं तर रंग खालपर्यंत गेलाय, पॅनेल लिहिलं जातं. आपल्याकडच्या गाड्यांना डाव्या बाजूला, दाराच्या मध्यावर, एकाला एक समांतर बारीक रेघा असतात. कुठून आल्या हे विचारावं लागत नाही. गळीत हंगामात मोहोळ-पंढरपूर किंवा मंगळवेढ्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला घासून निघालेल्या गाडीची ती सही असते. बाहेर लोंबणारं वाढं रंग कापत नाही, नुसतं घासतं. नव्वद टक्के वेळा पॉलिशनं काम होतं. तुमच्या तिसऱ्या फोटोत त्याच रेघा आहेत. त्यावर पेंटरला एक रुपया देऊ नका.

दुसरी आपली खासियत म्हणजे बोअरचं पाणी. गाडी बोअरच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवली की काचेवर आणि बॉनेटवर क्षाराचे गोल डाग बसतात. मेमधल्या त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत ते भाजून निघतात. काचेवरचे निघतात, रंगात खाल्लेले निघत नाहीत. तुमच्या बॉनेटवर आहेत. ते मी लिहिणार.

मग रंगाची जाडी मोजायचं यंत्र. कंपनीतून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. दोनशेच्या वर गेलं की पुन्हा रंगवलंय, पाचशेच्या वर म्हणजे खाली पुट्टी आहे. म्हणून परतीच्या आदल्या आठवड्यात गल्लीतल्या पेंटरकडून उरकलेलं काम लपत नाही, उलट ‘अपघात दडवला का’ असा प्रश्न उभा राहतो. उजव्या मागच्या दाराचा तुमचा पोचा खरा आहे आणि विमा झिरो डेप आहे, म्हणजे भागांचा घसारा न कापता पैसे देणारा. तो ज्या दिवशी, जसा झाला तसा खरा दावा लावून अधिकृत वर्कशॉपमध्ये करून घ्या, बिल जपून ठेवा. लोक नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाईल म्हणून दावा टाळतात. इथं पॉलिसी लीज कंपनीच्या नावावर आहे, बोनसही तिचाच. तुम्ही कुणाचा बोनस वाचवताय? मात्र चार वेगवेगळे ओरखडे एकाच दाव्यात घुसडायला जाऊ नका. सर्व्हेयर मूर्ख नसतो, मी स्वतः सर्व्हेयर होतो त्यामुळे सांगतो.

टायरला कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. खाचेत जे छोटे उंचवटे असतात त्यांच्या बरोबरीला रबर आलं की टायर संपलं. त्याच्या थोडं वर असेल तर नवीन घालू नका, लिहू द्या. दुसरी किल्ली हरवली असेल तर ती मात्र शोधा. सेन्सरच्या किल्लीचे पैसे ऐकून माणसं खुर्चीत बसतात. स्टेपनी, जॅक, पाना, सर्व्हिसचं पुस्तक, आरसी, हे सगळं गाडीत. आणि स्क्रीनवर जोडलेला फोन, नंबरांची यादी, ‘घर’ म्हणून साठवलेला पत्ता पुसून टाका. मला आजवर किती जणांच्या बायकांचे नंबर दिसलेत, सांगत नाही.

परतीचीच एक गोष्ट, माझीच. २०२१ मध्ये मी माझी लीजची गाडी परत केली. दुसऱ्यांच्या गाड्यांना चाळीस मुद्द्यांचा कागद लावणारा मी, स्वतःच्या वेळी घाईत होतो. यार्डातल्या माणसानं पावती दिली, तीवर तारीख होती, वेळ नव्हती, मीटरचा आकडा नव्हता. फास्टॅग काचेवर तसाच. रात्री अकराला फोन वाजला: सावळेश्वर टोल, पैसे कापले. मग वरवडे. मग पाटस. कुणीतरी माझ्याच टॅगवर गाडी घेऊन पुण्याकडे निघालं होतं आणि मी सोलापुरात चहा पीत मेसेज मोजत होतो. टोलचं काही नाही, दोन-अडीच महिन्यांनी त्याच रात्रीचं वेगाचं ई-चलन लीज कंपनीनं माझ्याकडे वर्ग केलं. गाडी माझ्या ताब्यात नव्हती हे सिद्ध करायला माझ्याकडे होतं काय? टोलचे तेच मेसेज आणि त्या वेळी सोलापुरातल्या मेडिकलमध्ये केलेलं एक यूपीआय पेमेंट. त्यावर सहा ईमेल झाले. म्हणून आता सांगतो: किल्ली देताना मीटरचा, इंधनाच्या काट्याचा आणि चारी बाजूंचा व्हिडिओ काढा, पावतीवर तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटर लिहून घ्या, टॅग तिथंच खरवडून काढा आणि बँकेला बंद करायला सांगा.

तुम्ही घेणारच आहात असं धरून पुढचं.

पगारावरचा कर. गाडीची मालक लीज कंपनी आहे की तुमची नोकरीची कंपनी, हे आरसीवर बघा. नोकरीच्या कंपनीच्या मालकीची गाडी कर्मचाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना स्वस्तात दिली तर फरक पगारात धरला जातो. प्राप्तिकराच्या १९६२ च्या नियमांत त्याचा हिशेब असा होता: मूळ किमतीतून प्रत्येक पूर्ण वर्षाला २० टक्के, उरलेल्या रकमेवर. तुमच्या गाडीचं ९,५०,००० वरून ७,६०,०००, मग ६,०८,०००, मग ४,८६,४००, चौथ्या वर्षाअखेर ३,८९,१२०. तुम्ही ४,२७,५०० देताय, म्हणजे फायदा काही नाही, कराचा प्रश्न येत नाही. पण ज्यांच्या करारात शेवटची किंमत २५ टक्केच, म्हणजे २,३७,५०० ठरलेली असते, त्यांच्या पगारात १,५१,६२० मिळवले जातात आणि मार्चमध्ये डोळे पांढरे होतात. ‘पूर्ण वर्ष’ हे शब्द पण बघा: चार वर्षं भरायला एक आठवडा असताना गाडी घेतली तर तीनच वर्षांची घट मिळते. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झालाय, तेव्हा पगार विभागाकडून चालू वर्षाचा हिशेब कागदावर घ्या.

नावावर करण्याचं काम किचकट नाही, पण अडकतं ते लीज कंपनीच्या सहीवर. फॉर्म २९ आणि ३० लागतात, बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो उतरवायला ३५. सोबत जीएसटीचं बिल, सही करणाऱ्याला कंपनीनं दिलेलं अधिकारपत्र, विमा, पीयूसी, तुमचा पॅन आणि सोलापूरच्या पत्त्याचा पुरावा. कायद्यानं घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि लीज कंपनीची मुंबई-गुरुग्रामची टपाल व्यवस्था बघता त्यातले वीस दिवस कागद येण्यातच जातात. पैसे भरण्याआधीच सह्यांचे फॉर्म कधी मिळणार ते विचारा. तुमची गाडी एमएच १४ पासिंगची आहे, त्यामुळे राज्यातल्या राज्यात नंबर तोच राहतो. ज्यांची लीजची गाडी हरियाणा किंवा कर्नाटक पासिंगची असते त्यांना तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला कर, नवा नंबर असा सगळा फेरा पडतो, आणि तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागत बसावं लागतं. विजापूर-कलबुर्गी हाकेच्या अंतरावर असल्यानं इथं तशा गाड्या बऱ्याच फिरतात. केए नंबरची गाडी स्वस्त दिसते, ती का दिसते ते हे.

विमा. गाडी तुमच्या नावावर आली की चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी बदलून घ्या. तिसऱ्या पक्षाचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या स्वतःच्या पत्र्याचं नुकसान मिळायला पॉलिसीवर तुमचं नाव लागतं. बोनस तुमच्याकडे येत नाही, तो मालकाचा असतो, गाडीचा नाही. लीजच्या आधी तुमची स्वतःची गाडी होती आणि ती विकताना बोनसचं पत्र घेतलं असेल तर ते तीन वर्षंच चालतं. तुमचं चार वर्षांपूर्वीचं, म्हणजे संपलं.

आता डीलरचं दुसरं वाक्य, जे तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सहज लिहिलंय: ‘मी थेट लीज कंपनीकडून नावावर करून घेतो, तुम्ही मध्ये पडूच नका, कोऱ्या फॉर्मवर सही घ्या फक्त.’ आकर्षक आहे, कारण एक हात वाचतो. आज आरसीवर पहिली मालक कंपनी आहे, तुम्ही घेतलीत की दुसरे मालक आणि तुमच्याकडून घेणारा तिसरा. ‘थर्ड ओनर’ दिसलं की भाव पडतो. करारात तुम्ही सुचवाल त्याला विकायची सोय असेल तर हे सरळ, वैध काम आहे, डीलरचं नाव घालून करा. पण कोरे फॉर्म आणि गाडी त्याच्या ताब्यात, हे नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात स्पष्ट केलंय की गाडी किती हातांतून फिरली असली तरी अपघाताच्या भरपाईला जबाबदार तोच, ज्याचं नाव आरटीओत आहे. ते नाव लीज कंपनीचं असेल तर ती करारावर बोट ठेवून तुमच्याकडे येईल.

मुदतवाढीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. सहा महिने-वर्षभर लीज वाढवून मिळते. पण वाढीव महिन्यांचं भाडं जुन्याच दरानं मागितलं तर नाही म्हणा. गाडीची बहुतेक घट तुम्ही चार वर्षांत भरून टाकलेली आहे. आणि त्या काळात शेवटची किंमत कमी होणार की तीच राहणार, हे लिहून येत नसेल तर ती मुदतवाढ घेऊ नका. तुमच्या प्रकरणात किलोमीटर पळतच राहणार, तेव्हा नकोच.

आणि ज्यांनी कंपनीमार्फत नाही, स्वतः महिन्याच्या वर्गणीवर गाडी घेतलीय, त्यांनी वरचं सगळं जसंच्या तसं लावू नये. तिथं विकत घेण्याची किंमत बऱ्याचदा आधी ठरलेलीच नसते, त्या दिवसाच्या भावानं सांगतात, आणि परत देणं हाच ठरलेला रस्ता असतो.

शेवटचं, वडिलांचं म्हणणं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याच्या नावावर गाडी घेऊ, जीएसटीचं क्रेडिट मिळेल, असं ते म्हणतात. नाही मिळत. प्रवासी गाडीचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नं अडवलेलं आहे, टॉवेल विणणाऱ्याला ते घेता येत नाही. मिळतो तो वर्षाला १५ टक्के घसारा, आणि पुढं फर्मनं गाडी विकली तर नफ्यावर जीएसटी भरावा लागतो, जो तुम्ही स्वतःच्या नावावर ठेवून विकलीत तर लागत नाही. फर्मला एवढा नफा असेल की घसाऱ्यानं खरंच कर वाचतो, तर सीएंना विचारून करा. नसेल तर वडिलांच्या स्वतःच्या नावावर घ्या. पण ते नाव लीज कंपनीला आत्ताच कळवा, कारण बिल एकदा तुमच्या नावानं फाटलं की वडिलांच्या नावावर करायला पुन्हा सगळे फॉर्म, पुन्हा फी, आणि आरसीवर ते तिसरे मालक.